माळ्यावरच्या गाद्या

(माळ्याची शिडी. वरून गादीची वळकटी धप्पकन खाली पडते.)

गणपतीला आठ दिवस उरलेत. मुंबईहून तीन बिऱ्हाडं यायची आहेत आणि त्यांच्या गाद्या जूनपासून माळ्यावर पडून आहेत. काकूंनी पहिली वळकटी खाली टाकली तेव्हा आमचा कॅमेरा चालू होता. वास काही पडद्यावर येत नाही.

(गादी उलगडते. जवळून करडे-काळे ठिपके.)

हा बुरा. शहरात आपण बुरशी म्हणतो. इथे लोणच्यावर आला तरी बुरा आणि गादीवर चढला तरी बुराच.

चिपळूणहून गुहागरकडे जाताना हे गाव लागतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत असेल, तर बुरशीला सहसा जम बसवता येत नाही. इथे श्रावणात ती ८५-९० वर असते. मग तिला बसायला जागा आणि थोडं खाणं लागतं, एवढंच. गादीत दोन्ही आयतं आहे. घाम, कातडीचा कोंडा, धूळ. आणि खुद्द कापूस.

(माळ्याचा कोपरा. निळं प्लास्टिक.)

सगळ्यात वाईट निघाल्या त्या या दोन. कौलं गळतील म्हणून काकूंनी या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्या होत्या. वरचं पाणी आत आलं नाही हे खरं, पण आतली ओल तरी कुठून बाहेर पडणार? माणूस रात्रभरात अंगातून पेलाभर पाणी सहज सोडतो. ते मुरलेलं असतानाच गादी बांधली, की कुबट वासाची पुडी तयार.

(अंगण. ढगांतून ऊन.)

उघडीप मिळाली तीन दिवसांनी. काकूंनी नाकातोंडावर ओला पंचा बांधला आणि गाद्या घरात न झटकता थेट अंगणात, वाऱ्याच्या दिशेला नेल्या. घरात झटकलं तर बुरशीची बीजं सगळ्या खोल्यांत पसरतात. ठिपक्यांवरून व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेलं फडकं फिरलं. नुसतं पुसायचं, गादी भिजवायची नाही. ब्लीच वापरायचं तर ते व्हिनेगरबरोबर कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो. मग ऊन. एक बाजू दुपारपर्यंत, दुसरी संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. डाग राहिले. काकू डागाकडे बघत नाहीत, नाक लावून बघतात.

(काकू गादीची शिवण उसवतात. हात कोपरापर्यंत आत.)

आणि हे बघा. आतला कापूस मुठीत घेऊन त्या दाबतात. गार लागला तर अजून ओल आहे. काळी गुठळी हाताला आली, तर ही गादी कापूस पिंजून देणाऱ्या पिंजाऱ्याची वाट बघणार.

पलीकडे भिंतीला टेकवलेली गादी फोमची आहे. पुतण्याने मागच्या दिवाळीत आणलेली. खाली बंद प्लायवूडचा बॉक्स पलंग, एका अंगाला भिंत. वारा खेळायला जागाच नाही, त्यामुळे बुरा खालच्या अंगाला आला आणि वर चादर पांढरीशुभ्र. हिची शिवण उसवून काय दिसणार? आतला ठोकळा वेगळा करता येत नाही, पिंजता येत नाही. बुरशी आतपर्यंत गेली असेल, तर गादी फेकायची.

फोमच्या बाजूनेही सांगायला हवं. कापूस हवेतली ओल जास्त ओढतो. साधारण हवेतही शंभर भाग कापसात आठेक भाग पाणी असतं, आणि भर पावसात त्याच्या दीडपटीवर जातं. पण कापूस घेतलेलं उन्हाला परत देतो.

(दसऱ्यानंतरची सकाळ. टेम्पो अंगणात येतो. टेम्पोत पिंजण्याचं यंत्र.)

पिंजारी चाचा पावसात येत नाहीत. दमट कापूस पिंजला जात नाही, त्याच्या गुठळ्याच होतात. येताच त्यांनी सुपारी कातरत गादीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, ही माझ्या वडिलांच्या हातची."

गादीपाट, म्हणजे गादीचं वरचं कापड, उसवला. कापूस सतरंजीवर पडला, तो गादीच्याच आकारात, पाटासारखा. चाचांनी त्याचे तीन ढीग केले. कोरडा, दबलेला आणि काळा. काळा बाजूला. तो पिंजायचा नाही, नवा कापूस घालायचा. एकेरी गादीला दहा-बारा किलो कापूस लागतो.

(जुनं पिंजण भिंतीवरून खाली. माणसाहून उंच.)

हे पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्यासारखं अवजार, चाचांनी आमच्यासाठी काढलं. रोजचं काम यंत्रावर होतं, अर्ध्या तासात. पण हा आवाज ऐका.

(आवाज. निवेदन थांबते.)

ही तांत, जनावराच्या आतड्याची. लाकडी ठोकळ्याने तिला मारलं की ती थरथरते, आणि तिला लागलेला कापूस धाग्याधाग्याने सुटतो. ठोका जोरात दिला तर धागा तुटतो, हलका दिला तर गुठळी तशीच. हलका कापूस उडून पुढे पडतो. सरकीचे तुकडे, माती, वर्षभराची धूळ जागच्या जागी खाली बसते. खालचा हा करडा थर बघा. यावर आपण झोपतो.

ही धूळ चाचांच्याही छातीत गेली आहे, कापसात काम करणाऱ्यांचा तो जुना आजार. त्यांचा मुलगा चिपळूणला मोबाईल दुरुस्त करतो.

(पिंजलेला कापूस. ढीग कमरेइतका उंच.)

सकाळी वीतभर जाड होता, तोच हा कापूस.

(गादी भरली जाते. काठीने कोपरे दाबले जातात. दाभण.)

कोपऱ्यात आधी भरायचं, मध्ये शेवटी. मग दाभणाने आरपार टाके, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही. काकूंनी विचारलं, "चाचा, पुढच्या पावसाला काय करू?" चाचांचं उत्तर एका दमात आलं. गादी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाटेवर ठेवा. उठल्या उठल्या वळकटी करू नका, अर्धा तास उघडी राहू द्या. माळ्यावर टाकायची तर मे महिन्याच्या उन्हातून काढून, सुती चादरीत. आणि पावसात ऊन दिसलं की हातातलं काम टाकून गाद्या बाहेर.

कडुनिंबाच्या पाल्याचं आम्ही विचारलं. चाचा हसले. पाल्याने किडे जातात, बुरा नाही.

दम्याचं मूल घरात असेल तर हे सगळं आणखी तातडीचं.

(खाटेवर नवी गादी. मागे काकू प्लास्टिक घडी करताना.)

चार गाद्या अजून बाकी आहेत, चाचा गुरुवारी पुन्हा येणार. काळा कापूस माडाच्या आळ्यात गेला. प्लास्टिक काकूंनी फेकलं नाही. पुढच्या पावसात ते लाकडांवर घालायचं आहे.