घराला साजेशी ओटीटी सेवा

श्रोतेहो, ओटीटीविषयी, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या सेवांविषयी, कोणी बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यांतली सगळ्यांत चांगली सेवा कोणती? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जाहिरातींत जे मिळते ते उत्तर नव्हे. चांगली सेवा घरागणिक बदलते, कारण संध्याकाळी सातनंतर कोण कुठे बसते आणि कशावर काय पाहते, हे प्रत्येक घरात वेगळे असते. म्हणून सेवांची यादी हाती घेण्यापूर्वी मागच्या महिन्यात घरात खरोखर काय पाहिले गेले याची आठवण काढावी. ‘पाहायचे आहे’ म्हणून ठेवलेल्या गोष्टी या हिशेबात धरू नयेत. पैसे बहुधा त्यांच्यापायीच जातात, पाहणे मात्र मालिका, क्रिकेट आणि रविवारचा एखादा चित्रपट यांपलीकडे फारसे जात नाही.

मराठी मालिकांपासून सुरुवात करतो. मालिका कोणत्या सेवेवर दिसणार हे वाहिनीच्या मालकीवर ठरते. झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात, तर सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एकेकाळी वेगवेगळ्या समूहांच्या वाहिन्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे समूह एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा व डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार ही एकच सेवा झाली. ज्या घराची संध्याकाळ या दोन वाहिन्यांवर जाते, त्याला आता एकच वर्गणी पुरते. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. घरात केबल किंवा डीटीएच चालू असेल, तर आजींच्या मालिकेचे पैसे आपण आधीच भरत आहोत. मग ओटीटीची वर्गणी ही फक्त चुकलेला भाग नंतर पाहण्याची किंमत आहे, आणि त्या सोयीसाठी वर्षभराचे पैसे द्यायचे का, हे घराने शांतपणे ठरवावे. कित्येक घरांत याचे उत्तर ‘हो’ असे येईल, कारण नोकरी करणारी सून रात्री दहाला स्वयंपाकघरातून मोकळी होते आणि वाहिनी काही तिच्यासाठी थांबत नाही.

क्रिकेटचा हिशेब याहून सोपा आहे. आयपीएल ऑनलाइन दाखवण्याचे हक्क २०२३ ते २०२७ या काळासाठी विकले गेले. २०२३ आणि २०२४ चे हंगाम जिओसिनेमावर मोफत पाहता आले, पुढे मात्र पूर्ण सामना पाहण्यासाठी पैसे मोजण्याची पाळी आली. हा हंगाम साधारण दोन महिन्यांचा असतो. ज्यांना बाकी काही पाहायचे नाही त्यांनी सेवेचा थोड्या मुदतीचा प्लॅन मिळत असेल तर तोच घ्यावा. हंगाम सुरू होताना ‘वर्षभराचे घ्या, स्वस्त पडेल’ असा आग्रह होतो, पण उरलेले महिने आपण ते ॲप उघडणार नसू तर ती स्वस्ताई कागदावरच राहते.

चित्रपट आणि परदेशी मालिकांच्या बाबतीत मी अधिक सावध राहायला सांगेन. जे आज एका सेवेवर आहे ते उद्या तिथे असेल याची हमी कोणी देत नाही, कारण सेवा बहुतेक गोष्टी ठरावीक मुदतीच्या कराराने दाखवते. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका मार्च २०२३ अखेर हॉटस्टारवरून गेल्या आणि काही आठवड्यांनी जिओसिनेमावर आल्या. त्यांच्यासाठी ज्यांनी नुकतेच वर्षाचे पैसे भरले होते, त्यांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. संग्रह पाहून घ्यायच्या वर्गणीची मुदत महिन्याची असावी, हा माझा ठाम आग्रह आहे. एक महिना घ्यावी, मनसोक्त पाहावे, बंद करावी आणि पुढच्या महिन्यात दुसरी घ्यावी. दोन सेवा एकाच वेळी चालू ठेवून दोन्ही अर्धवट पाहण्यापेक्षा हे बरे. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओचे गणित थोडे निराळे आहे, कारण त्या वर्गणीत ॲमेझॉनवर खरेदी केलेल्या वस्तू घरपोच मिळण्याची सवलतही येते. वस्तू सतत मागवणाऱ्या घराला ती तशीही परवडते, मात्र जून २०२५ पासून तिथेही जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे पडतात.

आता पडद्याकडे वळतो, कारण फसगत बहुतेकदा इथेच होते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइलपुरता प्लॅन १४९ रुपयांना, बेसिक १९९ ला, एका वेळी दोन पडद्यांवर चालणारा ४९९ ला आणि चार पडद्यांचा ६४९ ला ठेवला. दर बदलत राहतात, रचना मात्र जवळपास सगळ्यांची अशीच असते. सगळ्यांत स्वस्त प्लॅन हातातल्या फोनसाठी असतो आणि तो दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चालत नाही. मोबाइलच्या रिचार्जबरोबर ‘मोफत’ मिळणारी सेवाही पुष्कळदा याच जातीची असते. उलट बाजूने, घरात फोर-के, म्हणजे फुल एचडीहूनही स्पष्ट चित्राचा टीव्ही नसताना फोर-केचे पैसे भरणारेही कमी नाहीत. कंपन्या सांगतात त्याप्रमाणे फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस इतका इंटरनेटचा वेग लागतो, आणि एचडी चित्र तासाला सुमारे ३ जीबी डेटा घेते. घरी फायबर असेल तर याचा विचारही करू नये. पण गावाकडे जिथे दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवरच सगळे चालते, तिथे एचडीतला एक चित्रपट दिवसभराचा डेटा संपवून वर अर्ध्याहून अधिक उरतो. अशा घराने चित्राचा दर्जा मुद्दाम खाली ठेवावा, किंवा तालुक्याच्या गावी वाय-फाय मिळेल तेव्हा भाग उतरवून घ्यावेत.

‘घर’ म्हणजे कोण, यावरही कंपनीचे आणि आपले एकमत नाही. सातारचे आईवडील आणि पुण्यात खोली घेऊन शिकणारा मुलगा यांचे रेशनकार्ड एक असले, तरी जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सच्या लेखी ती भारतातही दोन घरे आहेत, कारण तिथे घर म्हणजे एका छताखाली राहणारी माणसे. अमेरिकेत लेकीकडे सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांची अडचण आणखी वेगळी असते. दाखवण्याचे हक्क देशागणिक विकले जात असल्यामुळे इथे भरलेल्या वर्गणीवर तिथे सगळे दिसतेच असे नाही.

मुले असलेल्या घरांसाठी एक तरतूद माहीत असावी. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार या सेवांना प्रत्येक कार्यक्रमावर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्गीकरण दाखवावे लागते आणि १३+ पासून पुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप पुरवावे लागते. कुलूप पुरवले आहे याचा अर्थ ते लावले आहे असा नव्हे. मुलांची वेगळी प्रोफाइल करावी आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन ठेवावी. एवढे केल्याशिवाय पहिल्या दिवशी रिमोट त्यांच्या हाती देऊ नये.

राहता राहिले पैसे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी मिळावी लागते. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि तो संदेश आपण इतर शंभर संदेशांबरोबर न वाचताच पुढे सारतो. फोनमधून ॲप काढून टाकले की वर्गणी संपली, असे मानणारी पुष्कळ शहाणी माणसे आहेत. ती संपत नाही. खात्यात जाऊन ती रद्द करावी लागते आणि यूपीआयवर ऑटो-पे दिलेले असेल तर तेही थांबवावे लागते. रद्द केल्यावर सहसा भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालूच राहते. तेव्हा महिनाभरासाठी घेतलेली वर्गणी घेतल्याच दिवशी रद्द करून ठेवायला काहीच हरकत नाही.