आधी तळ वाचा: पायथनमधले बदल कसे नोंदवतात, कसे वाचतात

[दृश्य: सकाळ, नागपूर. परसोडीच्या आयटी पार्ककडे जाणारा रस्ता, तर्री पोह्यांच्या गाड्या, पार्किंगमध्ये भरत चाललेल्या दुचाक्या.]

निवेदन:
७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दसरा होऊन पाच दिवस झालेत. सुट्या संपवून लोक पुन्हा कामाला लागलेत आणि त्याच दिवशी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१४ ही आवृत्ती बाहेर पडते. यात योगायोग फारसा नाही. ३.९ पासून पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्येच येते. एका आवृत्तीला ५ वर्षं सांभाळायचं, मग सोडून द्यायचं, असा तिचा हिशोब आहे.

प्रत्येक आवृत्तीबरोबर एक लांबलचक पान येतं. त्याला म्हणतात ‘व्हॉट्स न्यू’. २००० साली २.० आलं तेव्हा असं पहिलं पान ए. एम. कुचलिंग आणि मोशे झादका यांनी लिहिलं. पुढे २.७ पर्यंत हे काम मुख्यतः कुचलिंग यांच्याच हातून झालं.

[दृश्य: स्क्रीनवर ३.१४ चं ‘व्हॉट्स न्यू’ पान. माउस सावकाश खाली सरकतो आहे.]

पानाच्या सुरुवातीला दागिने मांडलेले असतात. टी-स्ट्रिंग (मजकुराचे साचे) आली, अ‍ॅनोटेशन (प्रकाराची टीप) हिचं मूल्य आता गरज पडेल तेव्हाच काढलं जातं, जीआयएल, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड (कामाचा धागा) चालू देणारं कुलूप, नसलेल्या बिल्डला अधिकृत पाठिंबा मिळाला. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ इथेच आटोपतात. ज्याच्याकडे चालू सर्व्हर आहे, त्याचं काम मात्र इथून बरंच खाली सुरू होतं. काय काढून टाकलं, काय काढायच्या वाटेवर आहे, आणि शेवटी ‘पोर्टिंग’, म्हणजे जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना काय काय बदलावं लागेल. हे पान तळापासून वर वाचावं.

[दृश्य: टर्मिनल. कीबोर्डवर बोटं.]

निवेदन:
एवढी माहिती एका पानावर गोळा होते कशी? रिलीजच्या आदल्या रात्री कुणी बसून लिहीत नाही. बदल ज्या दिवशी कोडमध्ये जातो, त्याच दिवशी त्याची नोंद पडते. त्यासाठी ‘ब्लर्ब’ नावाचं छोटं साधन आहे. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेने) ते बसवायचं, पायथनच्या सोर्सच्या मुळाशी जायचं आणि ‘ब्लर्ब अ‍ॅड’ म्हणायचं. एडिटरमध्ये एक साचा उघडतो. त्यात तीन कामं असतात. गिटहबवरच्या (जिथे पायथनचा कोड ठेवलेला असतो, त्या संकेतस्थळावरच्या) तक्रारीचा नंबर भरायचा. विभागांच्या यादीतल्या एकाच ओळीपुढचं कॉमेंटचं चिन्ह काढायचं: सिक्युरिटी, लायब्ररी, बिल्ड, सी एपीआय, जो लागू असेल तो. आणि खाली मजकूर लिहायचा.

सेव्ह केलं की स्वतंत्र फाइल तयार होते. तिच्या नावात तारीख असते, तक्रारीचा नंबर असतो आणि दोन नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून काही विस्कळीत अक्षरं असतात. एका बदलाला एक फाइल. पूर्वी सगळ्या नोंदी एकाच मोठ्या फाइलमध्ये जायच्या. प्रत्येक जण तिच्या माथ्यावरच ओळ घालायचा, त्यामुळे दोघांचे पॅच एकाच दिवशी आले की मर्ज, म्हणजे बदल एकत्र करणं, अडकायचं. २०१७ मध्ये पायथनचं काम गिटहबवर आलं, त्याच सुमारास ही वेगवेगळ्या फाइलींची पद्धत रुळली. रिलीजच्या वेळी ‘ब्लर्ब रिलीज’ ही आज्ञा या सुट्या फाइली उचलते आणि त्या आवृत्तीची एकच फाइल बनवते. नोंद नसेल तर पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर, तांबडी खूण येते. बदल खरोखर किरकोळ असेल, स्पेलिंग वगैरे, तरच नोंद टाळण्याचं लेबल लावतात.

मजकूर कसा लिहायचा, इथे गाडी बहुतेकदा अडते. ‘अमुक फंक्शनमधली अट दुरुस्त केली’ ही नोंद वापरणाऱ्याच्या काही कामाची नाही. त्याला त्या फंक्शनच्या पोटात काय आहे ते माहीतही नसतं. ‘रिकामी यादी दिल्यावर अमुक फंक्शन आता एरर देत नाही, नन (‘काहीच नाही’ हे मूल्य) परत करतं’ अशी नोंद हवी, म्हणजे बाहेरून दिसणारी वागणूक सांगणारी.

[दृश्य: डॉक्युमेंटेशनची सोर्स फाइल. एका ओळीवर कॅमेरा जवळ येतो.]

निवेदन:
दुसरी नोंद होते ती त्या फंक्शनच्या स्वतःच्या पानावर. दोन टिंबं, जागा, ‘व्हर्जनचेंज्ड’, दोन कोलन आणि आवृत्तीचा आकडा. खालचा मजकूर तीन जागा सोडून आत. नवीन काही आलं तर ‘व्हर्जनअ‍ॅडेड’, मोडीत काढायचं असेल तर ‘डेप्रिकेटेड’. आकड्याच्या जागी हल्ली ‘नेक्स्ट’ एवढंच लिहितात, खरा आकडा रिलीजच्या वेळी भरला जातो. हे बरं झालं. पॅच रेंगाळला आणि पुढच्या आवृत्तीत गेला, तर आधी हाताने लिहिलेला आकडा खोटा ठरायचा.

आता या ओळीकडे नीट बघा. दोन कोलनच्या जागी एकच पडला आहे. अशी ओळ साधी कॉमेंट ठरते, आणि तिच्याखालचा आत सरकवलेला मजकूरही तिच्यासोबत जातो. एचटीएमएलमध्ये बदलाची नोंद उमटतच नाही. म्हणून डॉक फोल्डरमध्ये ‘मेक व्हेन्व’, मग ‘मेक चेक’, मग ‘मेक एचटीएमएल’ चालवायचं आणि तयार झालेलं पान ब्राउझरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. शेवटची पायरी लोक गाळतात.

[दृश्य: आयटी पार्कमधलं छोटं ऑफिस. दोन टेबलं, एक पांढरा बोर्ड. संवादाचा आवाज.]

– ताई, काल चालून राहिलं होतं ना सगळं. आज रिपोर्टमध्ये सगळे आकडे शून्य. एररही नाही काही.
– सर्व्हरवर पायथन कोणतं आहे ते पाह्य पहिले.
– ३.१४. नवीन इमेज टाकली ना आपण.
– मग मल्टिप्रोसेसिंगचा परिच्छेद काढ. फोर्कचं काय केलं ते वाच.

निवेदन:
३.१४ मधला हा बदल पानावर दोन-चार ओळींचा आहे, पण लिनक्सवर चालणाऱ्या कोडला चांगलाच झोंबतो. आधी लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंग नवी प्रोसेस ‘फोर्क’ करून बनवायचं. मूळ प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, मेमरी जशीच्या तशी तिच्यापासून निघालेल्या पोरगी प्रोसेसला मिळायची. थ्रेड चालू असताना असं केलं तर कुलूप अडकून प्रोग्राम गोठू शकतो. ३.१२ पासून त्याबद्दल वॉर्निंग येत होती. आता डीफॉल्टच बदलला आहे आणि त्या जागी ‘फोर्कसर्व्हर’ आला आहे. म्हणजे एक कोरी प्रोसेस बाजूला उभी राहते आणि पोरग्या तिच्यापासून जन्मतात. विंडोज आणि मॅकवर आधीपासून ‘स्पॉन’ आहे, तिथे काही फरक पडलेला नाही.

[दृश्य: पांढऱ्या बोर्डवर दोन चौकटी: मूळ प्रोसेस, पोरगी प्रोसेस.]

शून्य आले ते यामुळे. प्रोग्रामने ‘इफ नेम इक्वल्स मेन’च्या आत, म्हणजे फाइल थेट चालवली तरच चालणाऱ्या भागात, फाइलमधून दर वाचले आणि एका ग्लोबल डिक्शनरीत ठेवले. फोर्क असताना ती भरलेली डिक्शनरी पोरगीला आयती मिळायची. आता पोरगी मुख्य फाइल नव्याने इम्पोर्ट करते, आणि इम्पोर्ट करताना मेनच्या आतलं काहीच चालत नाही. डिक्शनरी रिकामीच राहते. कोड ‘गेट’ वापरून, दर सापडला नाही तर शून्य धरत असेल, तर एरर यायला जागाच उरत नाही.

याच बदलाचे आणखी दोन प्रकार दिसतात, आणि ते निदान ओरडून सांगतात. लॅम्बडा (बिननावाचं फंक्शन) किंवा फंक्शनच्या आतलं फंक्शन ‘प्रोसेस’ला टार्गेट म्हणून दिलं, तर ते पिकल करता, म्हणजे पाठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलता, येत नाही अशी एरर येते. मेनची अटच लिहिलेली नसेल, तर ‘बूटस्ट्रॅपिंग’ हा शब्द असलेला रनटाइम एरर येतो. विंडोजवर शिकलेल्या मुलांना हा दुसरा चांगला ओळखीचा असतो, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये तो त्यांना आधीच भेटलेला असतो. कोड फक्त लिनक्स सर्व्हरवर वाढला असेल, तर मात्र तो पहिल्यांदाच समोर येतो.

खरा उपाय म्हणजे पूल (पोरगी प्रोसेसचा ताफा) बनवताना ‘इनिशियलायझर’ आणि ‘इनिटआर्ग्ज’ देऊन दरांची डिक्शनरी प्रत्येक पोरगीला हातात द्यायची. आज रात्रीच रिपोर्ट जायचा असेल, तर ‘गेट कॉन्टेक्स्ट’ला ‘फोर्क’ असं स्पष्ट सांगून त्या कॉन्टेक्स्टमधून पूल बनवता येतो. पण मग मूळ दुखणं तसंच राहतं, हे कोडमध्ये कॉमेंट लिहून ठेवा.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, शेजारी स्क्रीनवर यूटीसी वेळ.]

निवेदन:
काही बदल घडण्याआधी वॉर्निंग देतात. ‘डेटटाइम’मधलं ‘यूटीसीनाउ’ ३.१२ मध्ये डेप्रिकेट झालं. ते वेळ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) देतं, पण ती यूटीसीची आहे अशी खूण तिच्यावर लावत नाही. तिच्यावर ‘टाइमस्टॅम्प’ चालवलं की पायथन तिला मशीनची स्थानिक वेळ समजतं. नागपुरातल्या मशीनवर त्यामुळे साडेपाच तासांची, म्हणजे १९,८०० सेकंदांची चूक होते. लॉगमध्ये हा आकडा दिसला की कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

बदली कोड सोपा आहे: ‘नाउ’ला यूटीसी द्यायचं. नुसतं शोधा आणि बदला केलं तर मात्र नवी भानगड उभी राहते. नव्या वेळेवर क्षेत्राची खूण असते आणि डेटाबेसमधून येणाऱ्या जुन्या वेळेवर बहुतेकदा नसते. दोघांची वजाबाकी केली किंवा लहान-मोठं पाहिलं तर टाइपएरर येतो. बरोबरी तपासली तर एरर येत नाही, उत्तर निमूटपणे ‘नाही’ असं येतं. बदलाच्या नोंदीत हे शेवटचं वाक्य नसेल, तर ती नोंद अपुरी आहे.

काही बदलांना तर वॉर्निंगही पुरत नाही. स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर भलतंच अक्षर आलं, तर ३.६ पासून डेप्रिकेशनची वॉर्निंग होती. ३.१२ पासून सिंटॅक्स वॉर्निंग येते, आणि पुढे कधीतरी ती एरर होणार आहे. आता विंडोजवरचा एक रस्ता (फाइलचा पत्ता) छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहू या: डी कोलन, बॅकस्लॅश, नागपूर, बॅकस्लॅश, वर्धा. वर्ध्याच्या डब्ल्यूवर वॉर्निंग येते, कारण बॅकस्लॅश डब्ल्यू असं काही नाही. नागपूरच्या एनवर येत नाही. बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, ती पूर्णपणे वैध आहे. रस्ता तिथेच तुटतो आणि पायथन चकार शब्द काढत नाही. स्ट्रिंगच्या आधी आर लावा किंवा ‘पाथलिब’ वापरा.

आणखी एक खाचखळगा. ही वॉर्निंग कोड कंपाइल होताना येते. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलची कंपाइल झालेली प्रत पायकॅशमध्ये पडलेली असेल, तर दुसऱ्यांदा ती दिसत नाही. सगळ्या वॉर्निंग एकदम बघायच्या तर ‘कंपाइलऑल’ला एफ हा पर्याय देऊन फोल्डर सक्तीने पुन्हा कंपाइल करा.

[दृश्य: टर्मिनलमध्ये ओळींमागून ओळी पिवळ्या होत जातात.]

निवेदन:
डेप्रिकेशनची वॉर्निंग तर मुळात झाकलेलीच असते. ३.७ पासून ती आपोआप दिसते ती फक्त थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या कोडसाठी. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलमधली दिसत नाही. ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ ही तक्रार इथून येते. सांगितलेलं असतं, नियमच तसा आहे: काढून टाकण्याआधी किमान दोन आवृत्त्यांत वॉर्निंग. ३.१३ मध्ये एका फटक्यात १९ जुनी मॉड्यूल्स गेली. सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब ही त्यातलीच. ३.११ मध्ये ती डेप्रिकेट झाली होती.

म्हणून आवृत्ती बदलण्याआधी टेस्ट ‘डब्ल्यू डीफॉल्ट’ (वॉर्निंग दाखवणारा पर्याय) लावून चालवा आणि सगळं वाचून घ्या. मग ‘डब्ल्यू एरर’, म्हणजे वॉर्निंगचीच एरर होते. थेट एररवर उडी मारली तर दुसऱ्यांच्या लायब्ररीतलीच वॉर्निंग पहिल्या मिनिटाला सगळं पाडते. आज्ञेत मॉड्यूलचं नाव देता येतं, पण ते पूर्ण जुळावं लागतं. पॅकेजचं नाव दिलं म्हणून त्याच्या आतली मॉड्यूल्स आपोआप धरली जात नाहीत.

[दृश्य: मराठीत लिहिलेली एक पानी टिपण. प्रत्येक नोंदीखाली चार ओळी.]

निवेदन:
मग टीमसाठी मराठीत टिपण करायची. पानाचं भाषांतर करत बसू नये, ते कुणी वाचत नाही. आपल्या कोडमध्ये ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) जे सापडलं तेवढंच घ्यावं. प्रत्येक नोंदीत आधी काय व्हायचं, आता काय होतं, कोणत्या फाइली, काय करायचं. फंक्शनांची आणि एररची नावं मूळ रूपातच ठेवावीत, नाहीतर शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. टेलनेटलिबखाली लिहावं की स्विचचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट इम्पोर्टच्या ओळीवरच पडेल आणि टेलनेटलिब३ वापरता येईल, पण तिची मुख्य पद्धत असिंक (उत्तराची वाट बघत न थांबणारी) आहे, त्यामुळे कोड तपासूनच बदलावा. आणि ही स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातून) रात्री चालते, म्हणून तिची मेल कोणाकडे जाते ते आधी तपासून घ्यावं.