जुहूचं टपाल, येरवड्याचं मैदान

विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, इमारतींच्या गराड्यात राहिलेली ही मोकळी जागा म्हणजे जुहू विमानतळ. आज इथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. मोठी विमानं कधीच सांताक्रूझला गेली. पण १९२८ साली मुंबईचं विमान म्हणजे जुहू, एवढंच समीकरण होतं.

इथल्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना मिळालेला परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना.

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटे कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडींनी एका इंजिनाचं 'पुस मॉथ' विमान उचललं. सोबत होतं सुमारे पंचवीस किलो टपाल. विलायतेहून इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीनं कराचीपर्यंत आणलेली पत्रं पुढं न्यायची होती. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. तिथं टाटांचे भागीदार आणि वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट दुसरं विमान घेऊन तयार होते. त्यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला पोचवलं.

टाटांच्या विमानसेवेचा हा पहिला दिवस पाठ्यपुस्तकांत आहे, समारंभांत आहे. आम्हाला मात्र त्यानंतरचा पावसाळा जास्त मोठा वाटतो.

तेव्हाच्या जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. भरतीच्या पातळीखालची ती सपाट, चिखलाची जमीन. उन्हाळ्यात टणक, पण मृगाचा पाऊस सुरू झाला की विमानाची चाकं तिथं टेकणं अशक्य. आणि टपाल तर दर आठवड्याला जायलाच हवं; कराचीला विलायतेचं विमान कुणासाठी थांबणार नव्हतं.

मग सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचा! संसार तो केवढा? दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. पुण्यात त्यांना विमानतळ म्हणून मिळालं येरवडा तुरुंगाच्या सावलीतलं एक मैदान.

जून-जुलैचा घाट ज्यांनी पाहिलाय, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. समोरचं वळण दिसत नाही असं धुकं, कड्यांवरून उलटा उडणारा पाऊस. त्यातून ही हलकी विमानं जायची. रेडिओ नाही, वाट दाखवणारी कुठली यंत्रणा नाही. खाली नदी, रूळ, डोंगराची सोंड ओळखीची दिसली तर दिसली.

या कामासाठी सरकारनं अनुदान नाकारलं होतं. टाटांना पैसे मिळणार ते नेलेल्या टपालापुरतेच. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात ही विमानं १,६०,००० मैल उडाली, दहा टनांहून अधिक टपाल आणि १५५ प्रवासी घेऊन.

मग त्याच सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्यानं अहवालात लिहिलं: वक्तशीरपणा शंभर टक्के. पश्चिम घाटातल्या ऐन पावसाळ्यातही मुंबई किंवा मद्रासचं टपाल कराचीला एकदाही चुकलं नाही आणि मद्रासला एकदाही उशिरा पोचलं नाही. पुढं असंही सुचवलं, की हे काम कसं करायचं ते पाहायला इम्पीरियल एअरवेजनं आपली माणसं टाटांकडे पाठवावीत.