३६३ नोंदींचं घर

(दृश्य: अ‍ॅमस्टरडॅम. जुन्या घराचा अरुंद लाकडी जिना. कॅमेरा एकेक पायरी वर चढतो.)

जुलै १६५६. या घरात सरकारी माणसं शिरली आणि एकेक खोली घेत यादी लिहू लागली. चित्रं, रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शिरस्त्राणं, शंखशिंपले, स्वयंपाकघरातली भांडी. घरातलं संपलं तेव्हा धुवायला बाहेर गेलेले सदरेही लिहिले. ३६३ नोंदी झाल्या. घर चित्रकार रेम्ब्रांटचं. १६३९ साली तेरा हजार गिल्डरला घेतलेलं, पैसे अजून फिटले नव्हते. अर्ज त्यानं स्वतःच केला होता: माझं आहे ते घ्या आणि ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटा.

नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं आता जमत नाही असं कबूल करणारा, अर्ज करावा का, असं नुसतं मनात आलं तरी माणसाला हेच दिसतं. कुणीतरी घरात येईल, कपाट उघडेल, लिहून घेईल.

(दृश्य: ड्रॉवर. आत न फोडलेली पाकिटं. टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरतो.)

आपल्या भाषेनंही या भीतीला खतपाणीच घातलंय. दिवाळं 'वाजतं', म्हणजे चारचौघांना ऐकू जातं. आणि 'दिवाळखोर' हा शब्द तर थेट लाचखोर, चुगलखोर, भांडखोर यांच्या पंगतीला बसवलेला. कुणाच्या बोलण्यात राम नसला तरी वैचारिक दिवाळखोरी म्हणून मोकळे. कायद्याच्या मराठीत मात्र एक साधा शब्द आहे: नादार. फारसीतून आलेला. ज्याच्याकडे नाही, तो.

कर्ज थकलं म्हणून इंग्लंडात एके काळी खरंच तुरुंगात टाकत. १८६९ च्या कायद्यानं ते बहुतांशी बंद पडलं. आज नादारीचा अर्ज हे दिवाणी काम आहे, आणि बरंचसं कागदी.

कसं चालतं, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून बघू. अर्ज दाखल झाला की वसुली थांबवावी लागते. फोन, नोटिसा, पगारातली कपात, चालू दावे, जवळजवळ सगळंच. मग काही आठवड्यांनी एक बैठक. तिथे न्यायाधीश नसतो. विश्वस्त म्हणून नेमलेला माणूस शपथेवर विचारतो: अर्ज तुम्हीच भरलात ना? सगळी मालमत्ता लिहिलीत ना? अलीकडे कुणाला काही दिलंत का? ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना यायचा हक्क असतो, पण बहुधा कुणी फिरकत नाही. कित्येकदा दहा मिनिटांत आटपतं. ज्याच्या धास्तीनं वर्ष-दोन वर्षं झोप उडाली, ते हे एवढंसं. आमच्या संकलकाची तक्रार होती की यात दाखवण्यासारखं काहीच नाही. खरंय.

यादी मात्र आजही होते. पण रोजच्या वापराचं सामान, कपडे, ज्यांच्यावर पोट चालतं ती अवजारं, हे बहुतेक कायदे ठरावीक मर्यादेपर्यंत सोडून देतात. तारण ठेवलेल्या घराची गोष्ट वेगळी. तिथे बँकेचा हक्क कायम असतो. मुलांची पोटगी, फसवून घेतलेलं कर्ज, यांतूनही सहसा सुटका नाही. आणि तुमच्या कर्जाला भाऊ जामीन असेल तर तुम्ही सुटलात तरी तो सुटत नाही. नोटीस त्याच्या दारात जायच्या आत त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

लोकांना कळेल का? कळू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. तिथे नादारी साधारण १२ महिन्यांत उठते आणि पुढे तीन महिन्यांनी नाव काढलं जातं. अमेरिकेत क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहू शकतं. हे काही थोडं नाही. पण चार हप्ते थकलेल्या माणसाचा रिपोर्ट आधी तरी कुठे धड असतो?

(दृश्य: एक हात कागदावर सही करतो. चेहरा दिसत नाही.)

आम्हाला धास्ती वाटते ती भीतीपोटी केलेल्या उद्योगांची. घर वाचावं म्हणून ते मेहुण्याच्या नावावर करायचं. मित्राचे उसने तेवढे गुपचूप फेडायचे, बँकेचं बँक बघून घेईल. निवृत्तीची पुंजी मोडून कार्डाचं व्याज भरायचं; ही पुंजी अनेक देशांत कायद्यानंच सुरक्षित असते, पण स्वतःच्या हातानं मोडली की गेली. पहिले दोन व्यवहार तर त्या दहा मिनिटांच्या बैठकीत हमखास बाहेर येतात. विश्वस्त ते उलटवायला निघतो, मेहुणा विनाकारण कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतो, आणि लपवाछपवी दिसली तर कर्जमुक्तीच नाकारली जाते. १७०५ च्या इंग्रजी कायद्यानं सगळं खरं सांगणाऱ्या व्यापाऱ्याला उरलेल्या कर्जातून मोकळं करायची सोय केली, आणि त्याच कायद्यात लबाडी करणाऱ्याला फाशी ठेवली. फाशी केव्हाच गेली, भेद तेवढा राहिला. म्हणून वकिलाकडे किंवा कर्ज-सल्लागाराकडे जायचं ते असला कुठलाही व्यवहार करायच्या आधी, न फोडलेली पाकिटं पिशवीत घालून.

(दृश्य: पुन्हा ते घर. खिडकीतून उजेड.)

रेम्ब्रांटला उरलेल्या कर्जातून सुटका मिळाली नाही. पुढची कमाईही त्यातच गेली असती. १६६० मध्ये मुलगा टिटस आणि जोडीदार हेन्ड्रिक्ये यांनी चित्रांचा धंदा आपल्या नावावर घेतला आणि तो त्यांचा नोकर झाला. आजच्या विश्वस्तानं यावर चार प्रश्न जास्तच विचारले असते. १६६२ मध्ये त्यानं कापड तपासनीसांचं ते चित्र रंगवलं: टेबलाशी बसलेली काळ्या पोशाखातली माणसं, समोर उघडी वही, आणि सगळ्यांची नजर वर, आपल्याकडे.

घर गेलं ते गेलंच. आता तिथे संग्रहालय आहे. खोल्या पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा कुठे काय होतं हे सांगायला हाताशी तीच यादी होती. तिच्या आधारानं पुतळे, शिरस्त्राणं, शंख पुन्हा फळ्यांवर मांडले. धुवायला गेलेले सदरे तेवढे अजून आलेले नाहीत.