घाट उतरून, घाट चढून

देशावरून पाहिले तर सह्याद्री हा डोंगर वाटतच नाही. भोरहून महाडकडे एकटाच निघालेला हा सायकलस्वार नीरा देवघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने बराच वेळ लहानसहान चढउतार पार करत राहतो आणि वरंधा घाटाच्या तोंडाशी येताच समोरची जमीन एकदम संपते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनलेल्या या पठाराची पश्चिमेची कड तुटलेली आहे. त्यामुळे बहुतेक घाटांत देशावरून आलेल्याच्या वाट्याला उतार येतो आणि कोकणातून आलेल्याच्या वाट्याला चढ. एक घाट उतरून पुढचा चढायचा, असे करत सावंतवाडी गाठण्याचा त्याचा बेत आहे.

वाघजाईच्या देवळाजवळ टपरीवरची कांदाभजी खाताना माकडांपासून सायकलवरच्या पिशव्या सांभाळाव्या लागतात. खरी कसोटी मात्र त्यापुढच्या उतारावर लागते. सामान लादलेल्या सायकलचा ब्रेक सतत दाबून धरला, तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच वेग मोडायचा आणि प्रत्यक्ष वळणात ब्रेक जवळपास मोकळा ठेवायचा, ही येथली रीत. खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला की तो कडेच्या मातीत उतरून उभा राहतो, कारण आवळ वळणावर गाडीला अख्खा रस्ता लागतो.

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट हा या प्रवासातील सर्वांत मोठा चढ. सुमारे 40 किलोमीटरमध्ये साधारण 1,300 मीटर उंची गाठायची, म्हणजे सरासरी चढ शंभराला तीन-सव्वातीन एवढाच. कागदावर तो सौम्य दिसतो, पण सरासरीवर विसंबणाऱ्याचा दम प्रतापगडाच्या फाट्यापर्यंतच निघून जातो. सर्वांत हलक्या गिअरवर पायाची लय न मोडता चढत राहणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पिणे, याखेरीज दुसरी युक्ती नाही. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला, त्या अतिवृष्टीत दरडी कोसळून हा रस्ता जागोजागी तुटला होता. पावसाळ्यात या घाटांत सायकल घालण्याचे कौतुक आम्हाला वाटत नाही, ते याचमुळे.

ज्या सावित्रीच्या खोऱ्यातून तो चढत आला, तिचा उगम महाबळेश्वरलाच आहे. कृष्णा, कोयना आणि वेण्णाही येथल्याच. सावित्री पश्चिमेला उतरून लवकरच अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा त्या समुद्रापासून जेमतेम 65 किलोमीटरवर उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1,400 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. घाटमाथा म्हणजे पाण्याची ही वाटणी, आणि बहुतेक घाटांत सायकलस्वार ती ओलांडतो.

केळघर घाटाने मेढ्याला उतरून, सातारा, उंब्रज आणि पाटण मागे टाकत तो कोयनानगरला पोहोचतो. येथे माणसाने ही वाटणीच बदलली आहे. कराडला कृष्णेला मिळण्यासाठी निघालेल्या कोयनेचे बरेचसे पाणी धरणात अडवून बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडले जाते, सह्याद्रीच्या पोटातील वीजगृहांत त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी अखेर वाशिष्ठीत येते. कोयना प्रकल्पाची 1,960 मेगावॉट क्षमता प्रामुख्याने या कड्याच्या उंचीवर उभी आहे. कुंभार्ली घाटातून पोफळीकडे उतरणारा सायकलस्वार ट्रकांच्या रांगेतून वाट काढत असतो, तेव्हा कोयनेचे पाणीही डोंगराच्या आतून त्याच दिशेने खाली जात असते.

चिपळूण ते साखरपा हा टप्पा नकाशात सोपा दिसतो. प्रत्यक्षात कोकणातील प्रत्येक नदी-ओढ्यासाठी एक उतार आणि लगेच एक चढ असतो, शिवाय दमट उकाडा. घाटापेक्षा त्याला येथेच अधिक वेळा थांबावे लागते आणि कोकम सरबताचे दोन पेले एका दमात रिकामे होतात. आंबा घाट चढून तो पुन्हा देशावर येतो. मलकापूर, कोल्हापूर आणि आजरा मागे पडतात, मग येते आंबोली. येथे उगम पावणारी हिरण्यकेशीही पूर्वेलाच वाहते. सावंतवाडीपर्यंतचा सुमारे 30 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू करण्यापूर्वी तो झिजलेले ब्रेक पॅड काढतो आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना नवे बसवतो.