कॅमेरा कुठे लावलाय?

नमस्कार मंडळी. लेकीकडे सुट्टीला आले, तर तुम्ही माईकच हातात दिलात. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. आता दादर-माटुंग्यात घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांकडे बघते. त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं तुमच्यासारखीच परदेशात.

तुम्ही काही कमी करत नाही. एअर बेड, व्हीलचेअर, नर्सिंग ब्युरोकडून सांभाळायला बारा-बारा तासांच्या दोन मावशी. माझं भांडण आहे ते आई-वडिलांच्या खोलीत लावलेल्या कॅमेऱ्याशी. चोरी होऊ नये, मावशीने झोपा काढू नयेत म्हणून लावता, कळतं मला. पण पलंगासमोर लावला की अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं लेकाच्या नि जावयाच्या फोनवर! एका घरी निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. अंग पुसायची वेळ झाली की त्या नुसतं बोट वर करतात, आणि मावशी कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकते. लगेच मुलाचा फोन, "कॅमेरा का झाकला?" बोलणी मावशी खाते, ऐकतात बाई. अहो, दाराकडे तोंड करून लावा ना तो. कोण आलं-गेलं ते दिसलं की पुरे. आणि लावण्याआधी त्यांना विचारा. घर त्यांचं आहे.

व्हिडिओ कॉलचंही तेच. तुमच्या सवडीने फोन येतो तेव्हा कवळी वाटीत असते, केस विंचरलेले नसतात, आणि मावशी फोन थेट तोंडासमोर धरते. नातवंडं "हाय आजी" म्हणतात आणि आजी पदर तोंडावर घेते. दहा मिनिटं आधी निरोप द्या, एवढंच. त्यात पहिला प्रश्न मावशीला, "आज पोट साफ झालं का?" आजींना ऐकू येतं हो!

डायपरचं थोडक्यात सांगते. हाताला धरून कमोडपर्यंत जाऊ शकणाऱ्या माणसाला रात्री उठायला नको म्हणून डायपर बांधला, की चालणं सुटतं, पायांतलं बळ जातं, आणि मग तो खरोखरच लागतो.

शुश्रूषा काय असते ते परळच्या केईएम रुग्णालयाने दाखवलंय. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यापासून, १९७३ ते २०१५ तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांच्या अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिली नाही. वेळेवर कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, याला महागडं यंत्र लागत नाही. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला.

अरुणाताईंना विचारायची सोयच नव्हती. तुमच्या आई-वडिलांना आज विचारता येतं. उपचार कुठवर हवेत, व्हेंटिलेटर हवा की नको, हे आधी लिहून ठेवायला न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. तेव्हा सही मॅजिस्ट्रेटसमोर लागायची, म्हणून कुणी वाटेला जात नसे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. विषय काढायला जीभ रेटत नाही, खरं आहे. पण आयसीयूच्या दाराशी, एक भाऊ इथे नि एक तिथे, फोनवर वाद घालताना मी पाहिलेत. येत्या डिसेंबरात मुंबईला जाल तेव्हा काढा विषय, जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना. बहुतेक त्यांचं ठरलेलंच असतं, कुणी विचारलेलं नसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला कॅमेऱ्याचाच असणार, माहीत आहे मला.