सिस्टर, डाक्टर कव्हय येतीन?

नमस्कार मंडळी. १२ मे, परिचारिका दिन आला की आम्हा नर्सना फुलं मिळतात, मेणबत्त्या पेटतात, शपथ होते, आणि रात्री नाईटला अख्ख्या वॉर्डात परत एकच सिस्टर. चालायचंच. आज मला आमच्या कामाचं बोलायचंय, कारण काम पार बदललंय आणि ते लोकांना तर सोडाच, आमच्याच काही साहेबांनाही कळलेलं नाही.

मी १९९१ ला साक्रीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ म्हणून लागले. या नावातला एम म्हणजे मिडवाइफ, सुईण. पण १९७३ ला सरकारच्या कर्तारसिंग समितीने आम्हाला बहुउद्देशीय, म्हणजे सगळ्या कामांना एकच, करून टाकलं, मग बाळंतपण राहिलं बाजूला. महिन्याच्या मीटिंगला पहिला प्रश्न, नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस किती आणल्या? १९९६ ला ते टार्गेट कागदावरून गेलं, मीटिंगमधून जायला अजून बरीच वर्षं लागली. पुढे मी जीएनएम हा नर्सिंगचा मोठा कोर्स केला, हॉस्पिटलात आले, परिसेविका म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले.

आता माझी एक विद्यार्थिनी तापीपलीकडच्या उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ ला आयुष्मान भारत आलं त्यातलं हे पद, नर्सिंग केलेल्यांनाही मिळतं आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांनाही, वर सहा महिन्यांचा कोर्स, आणि नोकरी कंत्राटी बरं का! सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागे. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर बघायची, तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंड तपासायचं, सगळं तिच्याकडे.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. केळीच्या बागेत कामाला जाणारी एक बाई आली, पट्टा बांधला तर १८० वर ११०. गोळी चालू होती ना, विचारलं तर म्हणते, "गोया संपन्यात, म्हनीसन बीपी बी संपनं." आम्ही दोघी हसलो, पण पोरीने तिला सोडलं नाही. डोकं दुखतं का, छातीत काही होतं का, अंधारी येते का सगळं विचारलं, दहा मिनिटं बसवून परत बीपी घेतलं, कळण्याच्या भाकरीबरोबर लोणचं किती खाते तेही काढून घेतलं. मग फोनवर टेलिकन्सल्टेशनला डॉक्टर धरले, जुनी गोळी परत सुरू केली, घरी कॅलेंडरवर खूण कशी करायची ते दाखवलं. अर्धा तास गेला. आणि उठताना बाई काय विचारते? "सिस्टर, डाक्टर कव्हय येतीन?"

आता यात त्या बाईची काही चूक नाही. आपण तिला शिकवलंच तसं की डॉक्टर तपासतो आणि सिस्टर सुई मारते. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एका हॉस्पिटलात, नाव नको, रात्री दोनला एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. गर्भाशय आकसावं म्हणून ऑक्सिटोसिनची १० युनिट आधीच दिलेली, पोट चोळतेय तरी गर्भाशय हाताला मऊच लागतंय. डॉक्टरांना फोन केला तर उत्तर आलं, वाट बघा. मी सलाइनची दुसरी लाईन लावली, रक्ताची सोय करायला माणूस पळवला, परत फोन केला, आणि केसपेपरवर दोन्ही फोनच्या वेळा लिहिल्या. बाई वाचली. सकाळी माझी पेशी, कशाबद्दल? तर वेळा का लिहिल्या! म्हणजे निर्णय रात्री आम्ही घ्यायचा आणि कागदावर तो आम्ही घेतला असं दिसायचं नाही.

आता १८ महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर मिडवायफरीचं ट्रेनिंग निघालंय, नॉर्मल बाळंतपण त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करायचं. २०२३ ला नर्सिंग-मिडवायफरीचा नवीन कायदाही झाला, १९४७ च्या कायद्याच्या जागी. चांगलंय, पण लेबर रूममध्ये तिचा शब्द चालेल तेव्हा मी खरं मानीन. तोवर पोरींनो आणि ब्रदर लोकांनो, केसपेपरवर वेळ लिहीत जा, कोणी कितीही डोळे वटारले तरी.

हां, ती केळीवाली बाई. पुढच्या महिन्यात गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन आली म्हणे. दारातूनच विचारलं, डाक्टर शेत का? पोरगी म्हणाली, आज नाहीत. तर बाईने खुर्ची ओढली, हात पुढे केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तूच पाही ले."